कच्चं पांढरं

बेकरीत त्यांना सगळे खमीरदादा म्हणत. पीठ फुगलं की नाही हे बाकीचे बोट खुपसून बघत. दादा परातीवरचं ओलं फडकं जरासं उचलत, वास घेत आणि म्हणत, "अजून झोपलंय. उठवू नका." त्यावरून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की घरी येणारा टपालवालाही "खमीरदादा आहेत का?" असंच विचारी.

मिसरूड फुटायच्या आधी ते या बेकरीत लागले. थोरल्या मालकांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या टपल्या खाल्ल्या, आणि थोरले मालक गेल्यावर त्यांच्या मुलीच्या हाताखालीही तितक्याच मुकाट्याने काम करू लागले. मालकीण त्यांच्यापुढे वाढलेली. लहानपणी ती मैद्याच्या पोत्यांवर झोपायची आणि दादा तिला उचलून घरी पोचवायचे. आता ती हिशोब बघे, नवे पदार्थ आणी, आणि दादांना 'अहो दादा' म्हणे.

दादांचा एक हट्ट होता. वाया काही जाऊ द्यायचं नाही. सात भावंडांच्या घरात ते वाढले होते. ताटात शीत राहिलं तर आई बोलायची नाही, फक्त बघायची, आणि ते बघणं पुरायचं. बेकरीत करपलेल्या ब्रेडच्या कडा ते वाळवून चुरा करत, साच्यांना लागलेलं लोणी बोटाने पुसून पुढच्या साच्याला लावत. बाकीचे हसत. दादा म्हणत, "हसा. तुमच्या बापाचं लोणी नाही ना."

अशा माणसासमोर मालकिणीने पिवळ्या क्रीमच्या वाट्या आणल्या. खुसखुशीत पिठाची बशीएवढी वाटी, तिच्यात अंड्याच्या नुसत्या पिवळ्या बलकाचं गोड क्रीम, आणि वरून भट्टीचा खरपूस डाग. पहिल्याच आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागली. पण क्रीमला लागायचं फक्त पिवळं. अंडी फोडून, पिवळं हातावर झेलून, बोटांच्या फटीतून पांढरं खाली सोडायचं आणि मग ते बादलीभर पांढरं मोरीत ओतायचं. पहिल्या दिवशी ती बादली अर्धी ओतून दादा थांबले.

"बाई, याचं काहीतरी करा," ते मालकिणीला म्हणाले.

"करू हो दादा. पण सध्या पिवळ्यालाच हात पुरत नाहीत. पांढऱ्याचं मागून बघू."

ते मागून काही लवकर आलं नाही.

त्याच सुमारास दादांचा उजवा खांदा कुरकुरायला लागला होता. मैद्याचं पोतं खांद्यावर घेताना कळ यायची. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पलीकडच्या मोठ्या बेकरीत पीठ मळायचं यंत्र आलं होतं आणि तिथल्या दोन जुन्या कारागिरांना घरी बसवलं होतं. पोतं उचलता येत नाही म्हटल्यावर आपलंही तेच व्हायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मेहुणा घरी आला तेव्हा त्याच्याजवळ मात्र ते खांद्याचं आणि बादलीचंही बोलून गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. व्यायामशाळेत जाणारा, दंडांना घट्ट बसणारे सदरे घालणारा, आणि कोणत्याही विषयावर सल्ला तयार असलेला.

"भावोजी, तुम्ही तर सोन्याच्या खाणीत काम करता आणि हात रिकामे म्हणता!" तो म्हणाला. "बादलीभर पांढरं मोरीत जातंय? अहो, ती निव्वळ ताकद आहे. प्या ना. पण कच्चं प्यायचं हं. शिजवलं की सत्त्व गेलं."

दादांना हे एकदम पटलं. ताकदही मिळणार आणि मोरीत जाणारं थोडं तरी वाचणार. दुसऱ्या दिवसापासून वाट्यांची अंडी फोडून झाली की ते स्टीलचा मोठा पेला पांढऱ्याने भरत, चिमूटभर मीठ टाकत आणि डोळे मिटून घटाघट पीत. पुढे पुढे मीठही लागेना. सकाळी एक पेला, घरी निघताना एक. पेल्यात डझनभर अंड्यांचं पांढरं सहज मावत असे.

त्यांच्या बायकोला बेकरीतले सगळे वहिनी म्हणत. तिने एकदा हे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"अहो, शी! शेंबूड प्याल्यासारखं दिसतंय."

"दिसण्यावर जाऊ नकोस. खांदा बघ माझा."

खांदा खरंच बरा वाटत होता. पेल्यामुळे की मनामुळे, ते देव जाणे. पण दादा पोती उचलत होते आणि त्यातच खूश होते.

असं सात-आठ महिने चाललं. मग एकदा कामाची टोपी काढली तर आत केसांचा झुबका. दादांनी तो झटकला. या वयात केस जायचेच. पण पाठोपाठ ओठांच्या कोपऱ्यांत लाल चट्टे उठले, नाकाच्या कडेने आणि डोळ्यांभोवती सालपटं निघायला लागली. भुवया विरळ होत होत एके दिवशी जवळजवळ नाहीशाच झाल्या. आरशात स्वतःचाच चेहरा त्यांना पुसल्यासारखा दिसे.

गल्लीतल्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून मलम दिलं. मग दुसरं मलम दिलं. मग "उष्णता आहे" असं म्हणून तिसरं दिलं. चट्टे जागचे हलले नाहीत. उलट बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. पीठ मळताना ते मऊ आहे की घट्ट, हे दादांना हाताने समजेना. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे माणूसच बदलला. एरवी पिठाशीसुद्धा बोलणारे दादा आता माणसांशीही बोलेनात. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडत. वहिनींनी विचारलं तर म्हणत, "काही नाही. जिवावर येतं सगळं."

त्या बेकरीत मळायचं टेबल दुकानातून काचेपलीकडे दिसत असे. ते थोरल्या मालकांनी मुद्दाम तसं केलं होतं, गिऱ्हाइकाला काम दिसावं म्हणून. आता गिऱ्हाइकाला दादांचा चेहरा दिसायचा. एका बाईंनी घेतलेला ब्रेड तसाच काउंटरवर परत ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "त्यांना काही संसर्गाचं तर नाही ना झालेलं?"

मालकिणीने संध्याकाळी दादांना आत बोलावलं. तिने स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"दादा, तुम्ही थोडे दिवस घरी विश्रांती घेता का? पगार चालू राहील."

"घालवताय का मला?"

"काय बोलता! बरे व्हा आणि या. मला तुमच्याशिवाय जमतं का?"

ॲप्रन काढून दादांनी नीट घडी घातली आणि खुंटीला न अडकवता बरोबर घेतली.

घरी बसणं त्यांना शिक्षेसारखं होतं. पण वहिनींनी ते दिवस सत्कारणी लावले. वेळेवर जेवायला घातलं, भाजलेले दाणे पुढे ठेवले, दुपारी झोपू दिलं. आणि नवल म्हणजे चेहरा निवळायला लागला. सालपटं गळाली, लाली उतरली, मुंग्या कमी झाल्या. दीड महिन्याने दादा स्वतःहून दाढी करून उभे राहिले आणि म्हणाले, "मी निघालो."

बेकरीत त्यांचं स्वागत झालं. मालकिणीने क्रीमची वाटी खाऊ घातली. दादांना वाटलं, पडून राहून अंगातली ताकद गेली असणार, ती भरून काढायला हवी. त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या पेल्यांत दुपारचा एक वाढवला.

दोन महिने जेमतेम गेले आणि चट्टे परत आले. या वेळी आधीपेक्षा जास्त. डोळे चिकटायला लागले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी या वेळी मलमाचा कागद बाजूला ठेवला. "घरी होतात तेव्हा बरे झालात. कामावर गेलात आणि परत आलं. यात अवघड काय आहे? तुम्हाला मैद्याची ॲलर्जी आहे. कारागिरांना होते अशी."

"मग उपाय?"

"मैदा सोडा."

मैदा सोडा म्हणजे मासळीला पाणी सोड म्हणण्यासारखं. दादा घरी आले ते उंबऱ्यातच बसले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मालकिणीने निरोप पाठवला की काउंटरवर बसा, मालाची खरेदी बघा, काहीतरी काढू. निरोप चांगल्या मनाने पाठवला होता, पण दादांना तो आगीतून फुफाट्यात वाटला. काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्याला पीठ मळताना बघायचं, यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं ते म्हणाले. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले.

शेवटी वहिनींनीच कंबर कसली. "एका डॉक्टरने सांगितलं म्हणून तीस-पस्तीस वर्षांचं काम सोडायचं? मोठ्या इस्पितळात जाऊ. तिथेही हेच म्हणाले तर बघू."

मोठ्या इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी दादांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, रक्त घेतलं आणि काही दिवसांनी परत बोलावलं. त्या दिवशी कागद चाळताना त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"मैद्याची ॲलर्जी दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "खमिराचीही नाही. घरी आणि कामावर, यात आणखी काय फरक असतो? वेगळा साबण, वेगळं पाणी?"

"नाही."

"बरं, दिवसभर काय खाता? अगदी सकाळपासून सांगा."

"सकाळी चहा. दुपारी डबा. रात्री जेवण. साधंच हो सगळं."

वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही.

"डबा म्हणे! कामावर असले की डबा तसाच्या तसा परत येतो, डॉक्टर. यांची भूक त्या पेल्यांनीच मरते. दिवसभर ते पांढरं पीत असतात नुसते."

"कसलं पांढरं?"

"अगं, ते काय सांगायचंय इथे," दादा पुटपुटले.

"का नाही सांगायचं? अंड्यातलं पांढरं, डॉक्टर. कच्चं. पेलेच्या पेले. वर्ष होऊन गेलं."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि घरी होतात तेव्हा?"

"घरी मी पिऊ देते होय! माझ्या घरात असला प्रकार चालत नाही."

डॉक्टर बाई मागे टेकल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "दादा, तुमच्यासारखा रुग्ण मी फक्त पुस्तकात वाचलाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बायोटिन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ब गटातलं. खाल्लेल्या अन्नाची शक्ती करायला शरीराला ते लागतं, आणि कातडी, केस, नसा नीट राहायलाही. लागतं अगदी थोडं, आणि रोजच्या साध्या जेवणातून मिळून जातं. दाण्यांत असतं, डाळींत असतं, अंड्याच्या पिवळ्यात तर भरपूर असतं. म्हणून ते कमी पडलेला माणूस सहसा सापडत नाही. पण कच्च्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं. ते बायोटिनला असं घट्ट धरतं की आतड्याला ते घेताच येत नाही. जसं पोटात आलं तसंच बाहेर जातं. शिजवलं की त्या प्रथिनाची पकड सुटते, मग काही त्रास नाही. कधीतरी एखादं कच्चं अंडं पोटात गेलं म्हणून कुणाचं एवढं होत नाही, पण रोज पेलेच्या पेले म्हणजे आल्या जेवणाची लूट.

"म्हणजे पिवळं मी लोकांना वाढत होतो," दादा सावकाश म्हणाले, "आणि पांढरं पिऊन माझंच घालवत होतो."

"तसंच काहीसं. शिवाय कच्च्या अंड्यातून पोटाचे आजार होतात ते वेगळेच. तुमचं नशीब चांगलं."

"पण मैद्याचं काही नाही ना?"

"नाही."

"खमिराचं?"

"दादा, तुम्ही उद्यापासून पीठ मळा. फक्त पेला बंद."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती हो त्या डॉक्टरांनी!" वहिनी म्हणाल्या. दादांनी तोंडावर रुमाल धरला होता. वहिनींना वाटलं, डोळे चिकटले असतील. मग त्यांचे खांदे हलताना दिसले आणि त्यांनी दादांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर बाईंनी बायोटिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर दोन गोष्टी बजावल्या. "एक, या गोळीने तुम्हाला गुण येईल कारण तुमच्याकडे ते संपलंय. ज्याच्याकडे आहे त्याला जास्तीचं देऊन केस वाढतात, याला काही धड पुरावा नाही. तेव्हा वाटत सुटू नका. दुसरं, गोळ्या चालू असताना कुठेही रक्त तपासलं तर आधी सांगायचं. काही तपासण्यांत ही गोळी गोंधळ घालते आणि भलतेच आकडे येतात."

आधी मुंग्या गेल्या. मग काही आठवड्यांत चेहरा निवळला. दादा घरी बोलायला लागले, इतके की वहिनी म्हणाल्या, "आधीचंच बरं होतं." केसांना आणि भुवयांना मात्र कित्येक महिने लागले. पहिल्यांदा कोवळी लव आली, तेव्हा दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून बघायला सांगत.

मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो धावत आला. वहिनी वाटच बघत होत्या.

"काय रे, तूही कच्चंच पितोस ना? मग तुझ्या भुवया कशा शाबूत?"

मेहुण्याने मान खाली घातली. "ताई, मला कच्चं जात नाही गं. मळमळतं. मी उकडून खातो."

"आणि यांना सत्त्वाचं सांगत होतास!"

"ते व्यायामशाळेत सगळे म्हणतात ना."

दादा पोट धरून हसले. वहिनी हसल्या नाहीत, आणि त्या दिवशी मेहुण्याला चहाही मिळाला नाही.

दादांनी मालकिणीला खांद्याचंही सांगून टाकलं. एवढं सगळं झाल्यावर लपवण्यात राम नव्हता. ती चिडली. "एवढ्यासाठी? आधी बोलायचं होतंत की!" दुसऱ्या आठवड्यात पोत्यांसाठी चाकांची गाडी आली. पांढरं साखरेबरोबर फेटून, मंद आचेवर वाळवून त्याच्या कुरकुरीत टिकल्या होऊ लागल्या आणि मोरीत ओतणं एकदाचं थांबलं.

दादांच्या भुवया आल्या तसं सगळ्यांचं लक्ष त्यांच्या गोळीकडे गेलं. "नाव तरी सांगा," बेकरीतल्या बायका म्हणत. दादा डॉक्टर बाईंचं बोलणं ऐकवत. ते कुणाला आवडत नसे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे जे विकायचं नव्हतं त्यालाच गिऱ्हाईक.

त्यात मालकीणही होती. तिला मूल होऊन चार-पाच महिने झाले होते आणि तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके येत होते.

"दादा, तुमच्या गेलेल्या भुवया आल्या. मग माझेच केस का नाही येणार?"

"बाई, माझ्याकडे नव्हतंच ते. तुम्ही कुठे कच्चं पांढरं पिता? आधी डॉक्टरांना विचारा. आणि घेतलीत तर रक्त तपासताना तेवढं सांगा."

मालकिणीने मान डोलावली आणि औषधांच्या दुकानातून केसांच्या गोळ्यांची एक सुंदर डबी आणली. दादांच्या गोळीपेक्षा तिची मात्रा कितीतरी जास्त होती. औषध म्हणून नव्हतीच ती, सौंदर्यासाठी होती, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे थकवा वाटतो म्हणून तिने रक्त तपासलं. थायरॉइड भलतंच जोरात चाललंय, असं निघालं. ती दुपारी बेकरीत आली तेव्हा चेहरा उतरला होता. बाळ अंगावर पीत होतं आणि डॉक्टर औषध सुरू करायचं म्हणत होते. दादा टिकल्यांचे ट्रे लावत होते.

"हात कापतात का तुमचे? छातीत धडधडतं?" दादांनी विचारलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला हा आजार होता, म्हणून त्यांना एवढं माहीत होतं.

"नाही हो. डॉक्टरही तेच म्हणाले, लक्षणं काही दिसत नाहीत म्हणून." मग ती थबकली. "दादा... त्या गोळ्या."

"सांगितलंत का त्यांना?"

"नाही."

"मग फोन करा की. माझ्याकडे काय बघताय?"

तिने तिथेच, पिठाच्या टेबलाला टेकून फोन लावला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा विचारली, ती ताबडतोब बंद करायला सांगितली, औषध लांबणीवर टाकलं आणि काही दिवसांनी परत रक्त घेतलं. आकडे अगदी जागेवर होते. थकवा होता तो रात्री जागवणाऱ्या बाळाचा. केसांचंही डॉक्टरांनी सांगितलं, की बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे असे जातात आणि बहुतेकींचे आपसूक येतात.

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं," मालकीण म्हणाली. "नुसती डबी झाली होती." उरलेल्या गोळ्या तिने कुणाला दिल्या नाहीत, हे तिचं शहाणपण.

त्याच महिन्यात दादांची शेवटची तपासणी होती. डॉक्टर बाईंनी चेहरा पाहिला, हात पाहिले आणि म्हणाल्या, "आता गोळ्या बंद करा."

दादा हे ऐकून घाबरले. घरी आल्यावर ते गोळ्यांचं पाकीट हातात धरून बसले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"बंद करा म्हणतात. पण परत गेलं सगळं तर?"

"कशाने जाईल? जेवता ना आता?"

"जेवतो."

"डबा संपतो ना?"

"संपतो. पण एखादी अधूनमधून घेतली तर काय बिघडतं?"

"त्या काय म्हणाल्या?"

"गरज नाही म्हणाल्या."

"मग?" वहिनींनी त्यांच्या हातून पाकीट घेतलं आणि इस्पितळाच्या कागदांबरोबर कपाटात ठेवून दिलं. "पाटावर बसा. अंडी उकडलीत. आणि आज दोन्ही खायची, पिवळंसुद्धा."

दादा बसले. आधी त्यांनी पिवळं खाल्लं.